गिटारचे लाकूड : जातीपेक्षा सुकवण महत्त्वाची

वसई-विरार पट्ट्यात फर्निचरचे काम करणारे आपले कारागीर बरेच आहेत. त्यांच्याकडे कधी कधी वेगळेच गिऱ्हाईक येते आणि इलेक्ट्रिक गिटारची बॉडी कापून द्याल का, असे विचारते. वसईत चर्चमध्ये आणि बँडमध्ये गिटार वाजवणारी तरुण मंडळी आहेत, तेव्हा या मागणीचे नवल नाही. वाद्याचे काम घ्यावे की नाही, हा ज्याचा त्याचा विचार. पण घेतलेच तर लाकडाची माहिती पक्की हवी. बॉडी पिळली तर मजुरीही जाते आणि नावही.

साध्या गिटारचा आवाज पोकळ पेटीतून घुमतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेचे कंपन चुंबकी पिकअप पकडतो, म्हणून तिची बॉडी बहुधा भरीव असते. लाकडाच्या जातीने आवाज किती बदलतो यावर वाजवणाऱ्यांत वाद आहे. लाकूड सुकलेले हवे, यावर मात्र वाद नाही.

अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने १९५२ साली लेस पॉल गिटार आणली. तिची बॉडी महोगनीची आणि वरचा थर मेपलचा. फेंडर कंपनीने ॲश आणि आल्डर वापरले, कारण ते तिकडे सहज मिळे. आपणही आपल्या वखारीत काय मिळते ते पाहावे.

बॉडीला साधारण २० इंच लांब, १४ इंच रुंद, पावणेदोन इंच जाड फळी लागते. म्हणजे घनफुटाचा तिसरा हिस्साही नाही. आकार कापल्यावर शिवणीची बॉडी अंदाजे २ किलो, सागवानाची अडीच किलोच्या वर आणि शिसमची ३ किलोच्या आसपास भरते. वाजवणारा ती तासन्‌तास खांद्यावर घेतो. म्हणून बॉडीला शिवण किंवा तूण यांसारखे हलके लाकूड बरे. सागवान टिकाऊ खरे, पण महाग आणि तेलकट. ते चिकटवायचे असेल तर ताजे रंधून लगेच चिकटवावे.

शिसम वाया जात नाही. ते वरच्या थराला वापरावे. ५-६ मिलिमीटरचा थर पुरतो. एकच तुकडा उभा चिरून पुस्तकासारखा उघडला की दोन्ही बाजूंना सारखी नक्षी येते. कपड्यात जसे दर्शनी कापड वेगळे आणि अस्तर वेगळे, तसेच हे.

कापडाच्या धंद्यात आम्ही शिवण्याआधी कापड पाण्यातून काढतो, नाहीतर ते अंगावर आखडते. लाकडाचेही तसेच. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलसर असते. फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून, सावलीत, वारा खेळेल अशी थप्पी लावावी. एक इंच जाडीला अंदाजे एक वर्ष, हा जुना हिशेब. ओलावा मोजायचे यंत्र घ्यावे आणि १० ते १२ टक्क्यांवर आल्याशिवाय करवत लावू नये. घाई असेल तर भट्टीत सुकवलेला माल घ्यावा.

सांगली जिल्ह्यातील मिरजेचे उदाहरण घ्या. हत्यारांचे काम मागे पडल्यावर तिथल्या शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये हाती घेतली. फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. तुणीचे लाकूड आणि महिनोनमहिने सुकवलेला भोपळा यांवर त्यांची साख उभी राहिली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

शेवटी दोन गोष्टी. शिसमच्या जाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमाखाली आहेत, म्हणून माल परदेशी जाणार असेल तर कागद आधी तपासावेत. वखारीची पावती तर नेहमीच जपावी. दुसरे, प्लायवर पातळ व्हीनियर लावून भरीव शिसम म्हणून विकू नये. बॉडी कशाची, वरचा थर कशाचा आणि लाकूड किती सुकलेले, हे बिलावर लिहून द्यावे. हलाल रोजीचा तोच रस्ता आहे, आणि दुसरे गिऱ्हाईकही त्याच रस्त्याने येते.