रोपट्याचें मन आणि दुसरी कुंडी

उन्हाळ्याच्या दिवसांत भर दुपारीं कुंडींतील एखादें रोपटें मान टाकतें. सायंकाळीं घरांतील कोणीतरी त्याला तांब्याभर पाणी घालतें, आणि थोड्याच वेळांत तीं मलूल पानें पुन्हां ताठ होतात. पाहणाराच्या तोंडून सहज उद्गार निघतो, "बिचारें तहानलें होतें!" या एवढ्याशा उद्गारांत तीन प्रश्न दडलेले आहेत. मातींतलें पाणी पानापर्यंत चढलें कसें? रोपट्याचा देह त्या पाण्यापासूनच वाढतो काय? आणि 'तहान' हा शब्द रोपट्याला खरोखर लागू पडतो, कीं तो बोलणाराच्या मनांतला आहे? पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा, दुसरा वनस्पतिशास्त्राचा आणि तिसरा चैतन्याचा. हौशी जिज्ञासूला हे तिन्ही एकाच कुंडींत भेटतात, आणि म्हणूनच एकाचें उत्तर दुसऱ्याला लावण्याचा मोह त्याला अनावर होतो.

अशीच एक जिज्ञासा १९६६ सालच्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क शहरीं क्लीव्ह बॅक्स्टर या गृहस्थाच्या मनांत उत्पन्न झाली. बॅक्स्टर हा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. खरेंखोटें पारखण्यासाठीं जें यंत्र माणसाला जोडतात, त्याचा तो जाणकार होता. माणूस अस्वस्थ झाला म्हणजे त्याच्या तळहाताला सूक्ष्म घाम येतो, त्वचेकडून विजेला होणारा अवरोध बदलतो, आणि तो बदल यंत्राची लेखणी कागदावर उमटविते. बॅक्स्टरच्या कचेरींत ड्रॅसिना जातीचें एक शोभेचें झाड होतें. त्याच्या मुळाशीं घातलेलें पाणी पानापर्यंत पोहोंचावयास किती वेळ लागतो, हें पाहावें एवढ्याच हेतूनें त्यानें यंत्राचीं टोकें पानाला लावलीं. पाणी आलें कीं अवरोध कमी होईल, असा त्याचा अंदाज होता. लेखणीनें त्या अंदाजाला साथ दिली नाहीं. मग पान जाळून पाहावें असा विचार त्याच्या मनांत आला, आणि काडी ओढण्यापूर्वींच लेखणी उसळली, असें त्यानें पुढें सांगितलें. पाण्याचा प्रश्न तेथेंच राहिला आणि रोपट्याला माणसाचें मन कळतें अशी त्याची खात्री झाली. १९७३ सालच्या 'द सीक्रेट लाइफ ऑफ प्लँट्स' या पुस्तकानें ही कथा दूरवर नेली. त्याच पुस्तकांत आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्याविषयीं प्रकरण असल्यानें भारतीय वाचकास ती आपलीशी वाटावी, हें स्वाभाविकच होतें.

मागें राहिलेला पाण्याचा प्रश्न प्रथम घेणें बरें. शोषक पंपानें पाणी सुमारें १० मीटरांपलीकडे चढत नाहीं. कारण तेथें पाण्याला वर ढकलणारा दाब हवेचा असतो आणि त्याची मजल तेवढीच. कॅलिफोर्नियांतील रेडवुड जातीचे कांहीं वृक्ष मात्र ११० मीटरांहून अधिक उंच आहेत. त्यांच्या शेंड्याला पाणी कोण पोहोंचवितें? खोडांतील जिवंत पेशी तें ढकलीत असाव्यात, ही कल्पना एके काळीं प्रचलित होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडुआर्ड श्ट्रासबुर्गर या शास्त्रज्ञानें बुंध्याशीं कापलेले वृक्ष विषारी द्रवांत उभे केले. विष चढेल तसतशा वाटेंतील पेशी मरत गेल्या. तरी द्रव वर चढतच राहिला. १८९४ सालीं डब्लिन येथील डिक्सन आणि जोली यांनीं याचा उलगडा मांडला. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होऊन जाते. गेलेल्या पाण्याची जागा भरण्यासाठीं मागचें पाणी ओढलें जातें. पाण्याचे रेणू परस्परांना घट्ट धरून असतात, म्हणून बारीक नळ्यांतील तो जलतंतु न तुटतां मुळापर्यंत ताणला जातो. विहिरींतील पोहरा जसा वरून ओढतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं येथें दोरही पाण्याचाच असतो, आणि ओढणारा असतो सूर्य.

हें ध्यानांत आलें म्हणजे बॅक्स्टरच्या मूळ प्रश्नांतलाच दोष दिसूं लागतो. पान म्हणजे पाण्याची वाट पाहत बसलेलें रिकामें भांडें नव्हे. निरोगी पानाचें बहुतेक वजन पाण्याचेंच असतें. तें त्या ताणलेल्या जलतंतूचें वरचें टोक असतें. कुंडींत पाणी ओतल्यावर पानाचा अवरोध झपाट्यानें उतरावा, असें मानावयास मुळांत आधार नव्हता. उलट, त्वचेसाठीं केलेलें यंत्र पानाला लावलें असतां जोडणी सैल होणें, हवेंतील ओलावा बदलणें, जवळून माणूस जाणें, अशा क्षुल्लक कारणांनीं देखील लेखणी हलूं शकते.

वाढीच्या प्रश्नाची कथा याहून जुनी आणि अधिक बोधप्रद आहे. ब्रुसेल्सजवळ राहणाऱ्या यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट यानें एका मोठ्या कुंडींत २०० पौंड वाळविलेली माती भरली, तींत ५ पौंडांचें विलोचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें त्याला केवळ पाणी घातलें. शेवटीं झाडाचें वजन १६९ पौंड आणि सुमारें ३ औंस भरलें. माती मात्र अवघी २ औंस उणी झाली. यावरून, लांकूड, साल आणि मुळें सर्व पाण्यापासूनच झालीं, असा निर्णय त्यानें दिला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ सालीं हा प्रयोग छापला गेला. तराजू खरा होता, आंकडे खरे होते, आणि तरी निर्णय चुकला. कारण झाडाभोंवतालची हवा तराजूंत घालण्याचें कोणाच्या मनांतच आलें नव्हतें. गंमत अशी, कीं 'गॅस' हा शब्द जगाला दिला तो याच व्हान हेल्मोंटनें, आणि कोळसा जळतांना निघणारा वायुही त्याला ठाऊक होता. तोच वायु हवेंतून घेऊन झाड आपला देह घडवितें, हें कळावयास पुढें दीडशें वर्षें लागलीं. १८०४ सालीं द सोस्यूर यानें मापें घेऊन दाखविलें, कीं झाडाच्या वजनांत पाणी आणि कर्बवायु या दोहोंचा वांटा असतो.

आतां तिसरा प्रश्न. १९१७ सालीं कलकत्त्यास विज्ञान मंदिर स्थापन करणाऱ्या जगदीशचंद्रांनीं वनस्पतींची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारें यंत्र रचलें. आघात, उष्णता, विष यांनीं वनस्पतींत विजेचे स्पंद उठतात, हें त्यांनीं चिकाटीनें नोंदलें, आणि तें आज मान्य आहे. झाडांतील पाणी जिवंत पेशींच्या स्पंदनानें चढतें, हें त्यांचें मत मात्र टिकलें नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच थोर पुरुषाच्या. एक कसोटीस उतरली, दुसरी उतरली नाहीं. त्यानें त्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. उणेपणा येतो तो कसोटी न लावतां त्यांचें नांव भलत्या गोष्टीच्या पाठीशीं उभें केल्यानें.

लाजाळूच्या पानाला बोट लावलें असतां तें मिटतें. यांत विजेचा स्पंद देठाच्या बुडाशीं असलेल्या फुगीर सांध्यापर्यंत जातो. तेथील पेशींतून क्षार बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पाणी निघतें, पेशी ढिल्या पडतात आणि पान खालीं येतें. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत तर अळीनें पान कुरतडल्याची वार्ता कांहीं मिनिटांतच दूरच्या पानांपर्यंत पोहोंचते, हें प्रत्यक्ष दिसलें. वनस्पति जड नाहीं. ती स्पर्श ओळखते, प्रकाश ओळखते, जखमेला उत्तर देते. परंतु उत्तर देणें वेगळें आणि दुःख भोगणें वेगळें. त्या दोहोंमधील पूल अद्याप कोणी बांधून दाखविलेला नाहीं.

मन ओळखण्याच्या दाव्याची परीक्षाही झाली. खाऱ्या पाण्यांतले बारीक जीव उकळत्या पाण्यांत पडून मरतात त्या क्षणीं दुसऱ्या खोलींतील रोपटें प्रतिसाद देतें, असें बॅक्स्टरनें १९६८ सालीं छापलें होतें. कॉर्नेल विद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं तो प्रयोग अधिक काटेकोर बंदोबस्तानें करून १९७५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या जीवांच्या मरणाशीं जुळणारी हालचाल रोपट्यांच्या नोंदींत आढळली नाहीं.

यावरून हौशी माणसानें कुंडीपासून दूर राहावें, असें मुळींच नव्हे. व्हान हेल्मोंटजवळ होती ती एक कुंडी, एक तराजू आणि पांच वर्षांचा धीर. गोड बोलल्यानें मेथी अधिक वाढते काय, हें कोणत्याही घरीं पाहतां येतें. परंतु एकाच कुंडीशीं गोड बोलून भागत नाहीं. ज्या कुंडीशीं कोणी बोलणार नाहीं अशी दुसरी कुंडी शेजारीं हवी; दोहोंना माती एक, ऊन एक, पाणी मापून सारखें. एक बी दुसऱ्या बीसारखें नसतें, म्हणून दोन्ही बाजूंच्या कुंड्या दहा-दहा असाव्यात. आणि उंची मोजणाराला कोणती कुंडी कोणती हें ठाऊक नसावें. कारण ज्याच्यावर माया असते, त्याची उंची डोळ्यांना अंमळ अधिकच दिसते.

बॅक्स्टरच्या कचेरींत त्या दिवशीं उणीव होती ती या दुसऱ्या कुंडीची. रोपट्याला पाणी घालणारा हात तें तहानलेलें आहे असें म्हणतो, तेव्हां तो कांहीं सिद्ध करीत नसतो. तो आपली माया बोलून दाखवीत असतो, आणि त्या मायेला यंत्राच्या साक्षीची गरज नाहीं. रोपट्याला मन असो वा नसो, सायंकाळचें पाणी त्याला वेळेवर मिळालें पाहिजे.