पिवळ्या पायांचं मूळ सह्याद्रीत

लालबागच्या बाजारात वड्यांसोबतच्या रश्श्यासाठी गावठी कोंबडी घेताना मी आधी पाय बघते. पिवळे असले, की मला सह्याद्री आठवतो. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचा वारसा आपल्या घाटांतल्या करड्या रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली संशोधकांनी दाखवलं. केवढी अभिमानाची गोष्ट! मक्यातलं पिवळं द्रव्य मोडणारा ‘बीसीडीओ-२’ जनुक कातडीत मंदावतो, रंग साठतो. त्यासाठी आई-बाप दोघांकडून तो गुण यावा लागतो.

झाबुआच्या कडकनाथ कोंबडीचं काळेपण निराळं. विसाव्या गुणसूत्राचा तुकडा दुणावतो, ‘ईडीएन-३’ जनुकाचं काम वाढतं, रंगपेशी हाडांपर्यंत पसरतात. इथे एकाच पालकाचा वारसा पुरतो. म्हणून गावठीशी संकर झालेली पिल्लंही सावळी निघतात. ती अस्सल कडकनाथ म्हणून विकणाऱ्याला मी तिथेच हटकते.