प्रवाळ मत्स्यालयातील पाण्याचे रासायनिक संतुलन

प्रवाळ मत्स्यालयातील पाण्याचे रासायनिक संतुलन म्हणजे घरगुती टाकीतील खाऱ्या पाण्याचे घटक समुद्राच्या पाण्याइतके व स्थिर ठेवणे होय. दगडी प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. त्यामुळे बंद टाकीत हे घटक सतत घटतात.

प्रमुख घटक

सामान्यतः दर लिटरला कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता, ७ ते ११ जर्मन अंश राखतात. सांगाडा बनताना अल्कलिनिटी १ अंशाने घटली, की कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅमने घटते; भरपाईही याच प्रमाणात करतात. अल्कलिनिटी अचानक बदलल्यास प्रवाळाच्या ऊती झडून सांगाडा उघडा पडू शकतो. म्हणून दुरुस्ती रोज थोडी थोडी केली जाते.

भरपाईचे पाणी

बाष्पीभवनात पाणी उडते, क्षार मागे राहतात. नारायणगावसारख्या (ता. जुन्नर) बेसॉल्ट खडकावरील बागायती गावांत विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात, तसेच खतांतील नायट्रेटही उतरू शकते. असे पाणी वारंवार घातल्यास हे पदार्थ टाकीत साचतात; त्यामुळे आरओ प्रक्रियेने शुद्ध केलेले पाणी वापरतात.

कायदेशीर संरक्षण

भारतात दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणसह कोणत्याही किनाऱ्यावरील समुद्रातून विनापरवाना ते काढणे गुन्हा आहे.