सामान्य युवकांची उमेदवारी आणि ग्रामपंचायत : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

लोकशाहीत मतदार होणे आणि उमेदवार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 61 व्या घटनादुरुस्तीमुळे 28 मार्च 1989 पासून मतदानाचे वय 21 वरून 18 वर्षांवर आले. उमेदवारीचे वय मात्र बदलले नाही. लोकसभा व विधानसभेसाठी ते 25, तर पंचायतींसाठी 21 वर्षे आहे. 18 ते 21 या वयातच आपला विद्यार्थी पदवीचे शिक्षण घेत असतो. मतदानाविषयी आपण त्याच्याशी बोलतो. उमेदवारीविषयी क्वचितच बोलतो. राजकारण हे पैसा आणि घराणे असणाऱ्यांचे काम आहे, ही समजूत त्यामुळे वर्गात कधी तपासलीच जात नाही. सामान्य कुटुंबातील युवकाला निवडणुकीपासून दूर ठेवणारी कारणे कोणती आणि त्यांपैकी कोणती महाविद्यालयाला दूर करता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात किन्हवली परिसराच्या संदर्भात केला आहे.

कायद्याने दिलेली संधी

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि पंचायत निवडणुकांना घटनात्मक अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या 7 ते 17 असते. 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ही निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. गावात पॅनेल असली तरी उमेदवारीसाठी कोणत्याही पक्षाचे तिकीट लागत नाही. या पायरीपासून सुरू झालेली वाटचाल दूरवर जाऊ शकते. आर. आर. पाटील 1979 मध्ये, वयाच्या बाविशीच्या आसपास, सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले व पुढे राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे 1989 च्या सुमारास युवकांनी आग्रह धरून वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पोपटराव पवार यांना सरपंच केले. त्या गावाचा पुढील इतिहास सर्वपरिचित आहे.

शहापूर तालुक्याची स्थिती याहून विशेष आहे. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार संपूर्ण शहापूर तालुका व मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. या क्षेत्रास 1996 चा ‘पेसा’ कायदा लागू आहे. त्यानुसार येथील सरपंचपद अनुसूचित जमातींसाठीच राखीव असते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ही तरतूद घटनात्मक ठरविली. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अशा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. म्हणजेच वारली, ठाकूर, कातकरी वा महादेव कोळी समाजातील पदवीधर युवक-युवतींसाठी नेतृत्वाची जागा कायद्यानेच राखून ठेवली आहे. इतर समाजांतील युवकांनाही खुल्या प्रभागांतून सदस्यत्व व पुढे उपसरपंचपद मिळू शकते.

प्रत्यक्षातील अडथळे

जागा राखीव झाली म्हणजे अधिकार हाती आला, असे होत नाही. अनेकदा प्रस्थापित मंडळी आपल्या ऐकण्यातील व्यक्ती पुढे करतात. सही सरपंचाची आणि निर्णय दुसऱ्याचा, असा प्रकार घडतो. महिला सरपंचांच्या बाबतीत पतीच कारभार पाहतात. ‘बिनविरोध’ निवडणुकीचे कौतुकही तपासून पाहिले पाहिजे. संमतीने झालेली निवड वेगळी आणि दडपणाने वा पैशाने झालेली वेगळी. नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील पदांचा लिलाव उघडकीस आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी 2021 मध्ये तेथील निवडणुका रद्द केल्या.

दुसरा अडथळा कागदपत्रांचा आहे. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते. पडताळणीसाठी अर्ज केल्याचा पुरावा जोडून उमेदवारी भरण्याची सवलत वेळोवेळी मिळाली आहे. मात्र मुदतीत प्रमाणपत्र सादर न झाल्यास निवडून आलेले पदही जाते. व्यावसायिक शिक्षणाकडे वळणारा विज्ञान शाखेचा विद्यार्थी हे प्रमाणपत्र बारावीच्या सुमारासच मिळवतो. कला शाखेतील आदिवासी विद्यार्थ्याला त्याची गरज पहिल्यांदा भासते ती निवडणुकीच्या तोंडावर. ग्रामपंचायतीची थकबाकी, सरकारी जमिनीवरील अतिक्रमण, निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत न देणे या कारणांनीही अपात्रता येते. निवडणूक जाहीर झाल्यापासून अर्जाच्या अंतिम दिवसापर्यंत मोजकेच दिवस हाती असतात. त्यात ही सर्व पूर्तता सामान्य युवकाकडून होणे कठीण असते.

तिसरा अडथळा उपजीविकेचा. वीटभट्टीवर स्थलांतर करणारे कातकरी कुटुंब, किंवा आसनगावहून लोकलने कामावर जाणारा तरुण, गावातील बैठकांना वेळ कसा देणार? ही अडचण महाविद्यालय सोडवू शकत नाही. पहिल्या दोन अडचणींबाबत मात्र ते पुष्कळ करू शकते.

महाविद्यालयाची भूमिका

1. प्रथम वर्षातच मतदारयादीतील नावनोंदणी करून घ्यावी व कला-वाणिज्य शाखांतील राखीव प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना जात पडताळणीचे मार्गदर्शन द्यावे.

2. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदानाबरोबर ग्रामसभेचे निरीक्षण, ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प व पाच टक्के निधीचा हिशेब वाचण्याचा सराव घ्यावा.

3. राज्यशास्त्र विभागाने उमेदवारी अर्ज भरणे, छाननी व खर्चाचा हिशेब यांवर प्रात्यक्षिक घ्यावे. विद्यार्थिनींचा सहभाग कटाक्षाने पाहावा.

4. माजी विद्यार्थी असलेल्या आजी-माजी सदस्यांचे अनुभव ऐकवावेत. पराभूत उमेदवारांनाही बोलवावे.

यात कोणत्याही पक्षाचा वा पॅनेलचा प्रचार होता कामा नये. कोणी उभे राहावे हे महाविद्यालयाने ठरवायचे नाही. उभे राहू इच्छिणारा केवळ अज्ञानामुळे मागे राहू नये, एवढेच पाहायचे आहे.

समारोप

ग्रामीण युवक राजकारणाविषयी उदासीन आहेत, असा निष्कर्ष आपण सहज काढतो. ज्याला अर्ज, मुदत व पात्रता यांची माहितीच दिली गेली नाही, त्याला उदासीन म्हणणे न्याय्य नाही. कायद्याने दार उघडले आहे. मतदानाचे वय आणि उमेदवारीचे वय यांतील तीन वर्षे बहुतांशी महाविद्यालयात जातात. ती कशी वापरली जातात, यावर पुढील ग्रामपंचायतीत सरपंच नामधारी असेल की कारभारी, हे काही अंशी अवलंबून राहील.