क्लोरीन गळला, तर कळवायचे कोणी?

हिंगोली हा हळदीचा आणि सोयाबीनचा जिल्हा. रासायनिक कारखान्यांची इथे गर्दी नाही. मग वायुगळतीचा विषय इथल्या शाळेत कशाला? कारण नळाचे पाणी निर्जंतुक करावे लागते, आणि त्यासाठी कुठे ब्लीचिंग पावडर, तर कुठे क्लोरीनचे सिलिंडर वापरतात. सिलिंडरमध्ये क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात असतो.

एक गणित करू. 71 ग्रॅम क्लोरीन 25 अंश सेल्सिअसला सुमारे 24.5 लिटर जागा व्यापतो. म्हणजे एक किलो झाला 345 लिटर. हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग क्लोरीन असेल तर ती हवा जिवाला धोकादायक मानतात. 6 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच अशा तीनशे वर्गखोल्यांची हवा एवढी बिघडवायला हा एक किलो पुरतो! उघड्यावर वारा तो पांगवतो हे खरे. पण क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, त्यामुळे सखल जागी साचतो.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. अपघाताने मर्यादेबाहेर प्रदूषक सुटले, किंवा सुटण्याची भीती असली, तरी जागेच्या प्रमुखाने ताबडतोब कळवावे, असे त्याचे नववे कलम सांगते. 1989 च्या धोकादायक रसायनांच्या नियमांत मोठ्या अपघाताची खबर देण्यास 48 तासांची मुदत आहे. पण क्लोरीनच्या नुसत्या साठ्याला हे बंधन 10 टनांपासून लागते. अमेरिकेत चोवीस तासांत 10 पौंड, म्हणजे साडेचार किलो क्लोरीन सुटला तरी लगेच कळवावे लागते. आम्हाला हा हिशेब अधिक पटतो. वायू साठा मोजून पसरत नाही.

शिवाय कळवायचे मालकाने. मालकच नसेल तर? 14 जुलै 2010 रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला. ते सिलिंडर तिथे वर्षानुवर्षे बेवारस पडून होते.

म्हणून मुलांना घेऊन गावच्या जलशुद्धीकरण केंद्रावर जावे. तिथे पावडर वापरतात की वायू, सिलिंडर किती, रिकामे कुठे ठेवतात, हे विचारावे. कधी तीव्र, घशाला झोंबणारा वास आलाच, तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने उंचावर जावे आणि 112 किंवा 101 वर सांगावे: ठिकाण, वेळ, वास, वाऱ्याची दिशा.