मोठीमायची आठवण आणि चौथे शील

आमच्या मोठीमायचे मूल येथे निधन झाले. सातव्या दिवशी घरासमोर मांडव टाकून पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी त्रिसरण-पंचशील दिले, परित्राण पाठ झाला आणि मग आदरांजलीची भाषणे सुरू झाली.

ही भाषणे कशी होतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. ‘त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या, कष्टाळू होत्या, त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ पहिला वक्ता हे बोलला, दुसराही तेच बोलला. तिसऱ्याने तर मोठीमायचे नाव चुकवले आणि बाजूच्याने हळूच दुरुस्त केले. बोलणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. पण हे सगळे कुणाबद्दलही बोलता आले असते. मी मागे बायकांमध्ये बसून ऐकत होते आणि मनात येत होते, यात आमची मोठीमाय कुठे आहे?

मग तिचा मोठा मुलगा, आमचा दादा, उभा राहिला. त्याचा कंठ दाटून आला होता. तो म्हणाला, “माझ्या आईनं वयाच्या बाराव्या वर्षी चांद्याला बाबासाहेबांना डोळे भरून पाहिलं. त्यांच्या तोंडून दीक्षा घेतली. त्या दर्शनाचं बळ तिला आयुष्यभर पुरलं.”

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आपल्या घरांमध्ये या गोष्टीचे मोल काय आहे, ते वेगळे सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि तेथे जमलेल्या जनसमुदायाला त्यांनी दीक्षा दिली. त्या सोहळ्यासाठी बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी मोठे परिश्रम घेतले होते. त्यानंतर अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. म्हणून ‘आमची माय तेव्हा चांद्याला होती’ हे आमच्या घराचे सर्वात मोठे धन आहे.

दादा बसला. टाळ्या वाजवण्याचा प्रसंग नव्हता, तरी दोघा-तिघांनी वाजवल्या. तेवढ्यात बायकांतून आवाज आला, “नाही बाप्पा, तसं नाही झालं.”

मोठीमायचे माहेरही मूलचेच. बोलणारी तिची लहानपणापासूनची मैत्रीण होती. तिला ऐकू कमी येते, पण डोके शाबूत आहे. ती म्हणाली, “खोटं कायले बोलू? आमी दोघी एकाच बंडीत होतो. रातभर चिचपल्लीच्या जंगलातून बंडी चालली. वाघाच्या भेवानं माणसं कंदील धरून चालत होती. चांद्याले पोचलो तवा आमी दोघी थकून गेलो होतो. पाठीमागं कुठंतरी बसलो अन् निजलो. उठलो तं माणसंच माणसं, पांढरे लुगडे अन् पांढरे धोतरं. बाबासाहेब काही आमाले दिसले नाही. तिलेही नाही अन् मलेही नाही.”

मांडवात शांतता पसरली. दादाचा चेहरा लाल झाला. “मावशी, आज तरी असं बोलू नका,” तो म्हणाला. कुणीतरी म्हणाले, “म्हातारी माणसं, विसरतात.” एका कार्यकर्त्याने पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.

पण भन्तेजींनी हात वर केला. “बोलू द्या त्यांना,” ते म्हणाले.

तेव्हा ती म्हातारी पुढे बोलली, “पाहालं नाही, पण पुढचं ऐका तं. परत आल्यावर तिच्या बापानं घरातले सारे देव टोपलीत भरले. बाया रडाले लागल्या. म्हणत, देव कोपंल, पोरं मरतील. टोपली उचलाले कोणी तयार होये ना. तवा हिनं ते टोपली डोक्यावर घेतली अन् उमा नदीवर गेली. बाप पुढं, हे मागं. मी काठावर उभी होतो. ते मात्र मी माझ्या डोळ्यानं पाहालं.”

बारा वर्षांची मुलगी! ज्या देवांच्या भीतीने घरातली मोठी माणसे मागे सरकली, त्यांची टोपली तिने डोक्यावर घेतली. आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती. दादालाही नाही.

नंतर मी खूप विचार केला. मोठीमाय आमच्याशी खोटे बोलली होती का? तिचे शब्द आठवून पाहिले. ती एवढेच म्हणायची, “आमी चांद्याले होतो.” ‘होतो’ हा तिचा शब्द. ‘डोळे भरून पाहिले’ हे आमचे. प्रत्येक १४ ऑक्टोबरला, प्रत्येक ६ डिसेंबरला आम्ही पोरांनी त्यात थोडी थोडी भर घातली. तिला कधी विचारलेच नाही. विचारले असते तर टोपलीची गोष्ट तिनेच सांगितली असती.

पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. खोटे बोलण्यापासून मी अलिप्त राहीन. मग आपले माणूस गेल्यावर त्या मांडवात हे शील सुटते का? प्रेमापोटी का होईना, आपण त्याच्यावर खोटे दागिने चढवतो. त्याने नुकसान काय होते? नुकसान हेच, की त्या दागिन्यांखाली खरे माणूस झाकले जाते. दादाच्या भाषणात मोठीमाय एका गर्दीतली भाग्यवान प्रेक्षक होती. मैत्रिणीच्या आठवणीत ती स्वतः काही करणारी मुलगी होती. यातले मोठे कोणते, वाचकांनीच ठरवावे.

एकदा खरे बोलायला वाट मिळाली, तेव्हा मांडवाचा रंगच पालटला. तेंदूपत्त्याच्या हंगामात मोठीमायबरोबर जंगलात जाणारी एक बाई बसल्या जागेवरूनच बोलली. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर पुडे मोजून द्यायचे. मोजणारा मुन्शी दर शेकड्याला चार-पाच पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा आणि ते पुढे कुठे जायचे ते कुणाला कळत नसे. मोठीमायने पदराला चिचोके बांधायला सुरुवात केली. शंभर पुड्यांमागे एक चिचोका आणि बाजूला टाकलेल्या प्रत्येक पुड्यामागे एक खडा. हंगाम संपला तेव्हा तिने मुन्शीपुढे खड्यांचा ढीग ओतला. “पैसे सारे नाही भेटले,” ती बाई म्हणाली, “पण पुढच्या साली खराब पुडे कमी निंगाले.”

राइस मिलमधले एक जुने हमाल म्हणाले, “माझी बायको बाळंत झाली तवा घरात दाणा नव्हता. तिनं दोन पायल्या तांदूळ आणून ठेवला. मी परत द्याले गेलो तं बरोबर मोजून घेतला. म्हणाली, फुकट घेतलं म्हणून तुले पुन्हा मागाची लाज वाटंल, म्हणून घेतो.”

आणि मग दादा पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याच्या हातात कागद नव्हता. तो म्हणाला, “मी नववीत शाळा सोडून मिलमध्ये जायला लागलो, तेव्हा आईनं मला भर चौकात थापड मारली. मी तीन महिने तिच्याशी बोललो नाही. ती रोज माझा डबा भरून ठेवायची, मी न्यायचो नाही. शेवटी शाळेत गेलो. पण तिला ‘तुझं बरोबर होतं’ असं कधी म्हणालो नाही. ते आज म्हणतो.” एवढे बोलून तो मटकन खाली बसला. त्याच्या पहिल्या भाषणावर टाळ्या पडल्या होत्या. या वेळी सारा मांडव रडला.

किसागोतमीची कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरातून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. तिला तशी मोहरी मिळाली नाही. पण मला वाटते, तिला दुसरे काहीतरी मिळाले असेल. प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपल्या गेलेल्या माणसाबद्दल सांगितले असेल. ते ऐकता ऐकताच तिचे दुःख जगाच्या दुःखात मिसळले.

आपल्या माणसाची आठवण कशी ठेवावी, हे बाबासाहेबांनीही दाखवून दिले आहे. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे १९४० साली प्रसिद्ध झालेला पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत रमाईंच्या सद्गुणांचा गौरव आहे. त्याचबरोबर, जवळ कुणी मित्र नसताना काढलेल्या गरिबीच्या आणि काळजीच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या साथीचाही उल्लेख आहे. जगभर वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात घरातली हलाखी नोंदवताना बाबासाहेबांना संकोच वाटला नाही. मग आपण का लपवावी?

आठवणी लिहून ठेवल्या म्हणजे काय घडते, याचीही उदाहरणे आपल्यात आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. नसते केले, तर त्या बायांचे काम त्यांच्याबरोबरच गेले असते. डॉ. नरेंद्र जाधव यांचे वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार होते, शिक्षण जेमतेम. मुलाच्या आग्रहाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यातून ‘आमचा बाप आन् आम्ही’ उभे राहिले. ते पुस्तक १९९३ साली आले. ही मोठी माणसे झाली म्हणून त्यांच्या आठवणी लिहिल्या गेल्या असे नव्हे. कुणीतरी विचारले आणि कुणीतरी लिहिले, एवढेच.

म्हणून बंधू-भगिनींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भोजनदानाआधी अर्धा तास आठवणींसाठी राखून ठेवा. माइक बाजूला ठेवा, कारण माइक हातात आला की माणूस भाषण करतो. पुढाऱ्यांच्या आधी, सोबत रोवणा केलेल्या, जंगलात गेलेल्या, शेजारी राहिलेल्या माणसांना बोलते करा. ‘त्या कशा होत्या?’ असे विचारू नका. ‘त्यांनी काय केलेले तुम्ही पाहिले?’ असे विचारा. सुनांना मुद्दाम विचारा. सासूला सुनेइतके जवळून पाहिलेले दुसरे कोण असते? आणि घरातल्या शाळकरी मुलाच्या हातात शंभर पानी वही द्या. जो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, गावासह आणि सालासह उतरवून घ्या. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा.

पण याहून महत्त्वाचे म्हणजे, मांडव पडेपर्यंत थांबू नका. १९५६ साली जे पंधरा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या पुढे गेले आहेत. त्यांतले किती आपल्यात उरले आहेत, हे आपल्याच वस्तीत मोजून पाहा. माझ्या मोबाइलमध्ये आवाज टेप करायची सोय होती. मोठीमायजवळ बसून सगळे भरून घ्यायचे असे मी दर दिवाळीला ठरवत होते. ‘पुढच्या सुट्टीत’ म्हणता म्हणता सुट्ट्या संपल्या. हे माझे दुःख आहे आणि ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा लेख लिहिला.

आमच्या घरी आता वही घातली आहे. पहिले पान वहिनीने लिहिले. त्या दिवशी मांडवात तिला कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. तिने लिहिले आहे, ‘मी लग्न होऊन आले तेव्हा मला सही येत नव्हती. सासूबाईंनी चुलीपुढच्या राखेत बोटाने माझे नाव काढून दाखवले. माझी सही त्यांची आहे.’ खाली तिने सही केली आहे.

पुढच्या रविवारी आम्ही ती वही घेऊन मोठीमायच्या मैत्रिणीकडे जाणार आहोत. दादाही येणार आहे. या वेळी ती जसे सांगेल तसे लिहून घ्यायचे आहे.