रोमन खापर म्हणजे रोमन वस्ती नव्हे

नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झाले. तिथे अँफोराचे (दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा रांजण) तुकडे मिळाले. यावरून तिथे रोमन लोक राहत होते, असा समज अनेकांचा होतो. पण अँफोरा हे मुख्यतः मद्य, तेल भरून पाठवायचे भांडे. ताम्हिणीतल्या घरात रत्नागिरी हापूसची पेटी दिसली, म्हणून घरमालक रत्नागिरीकर ठरत नाही, तसेच हे. माल कोकणच्या बंदरांत उतरे आणि घाटवाटांनी, हातोहात देशावर चढे.

दुसरी गफलत अधिक सूक्ष्म आहे. रोमन म्हणून नोंदलेली भारतातली बरीच खापरे मेसोपोटेमियाच्या 'टॉर्पेडो' रांजणांची (बिनकानाचे, आतून डांबर लावलेले) निघाली. रॉबर्टा टॉम्बर यांनी जुनी खापरे पुन्हा तपासून हे दाखवले. हे काम मला फार मोलाचे वाटते, कारण त्यामुळे इराणच्या आखाताशी असलेला आपला व्यापार उजेडात आला. ओळख पटते ती तुटलेल्या कडेवरून: व्हेसुव्हियस परिसरातल्या अँफोरात ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण चमकतात, टॉर्पेडोच्या आतल्या अंगाला डांबराचा काळा थर असतो.